नाकाचं हाड

नाक या अवयवाला आपल्या भाषेनं जेवढी कामं लावून ठेवली आहेत, तेवढी दुसऱ्या कुठल्या अवयवाला नसतील. ते मुरडायचं, दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायचं, गरज पडली की घासायचं, गरज संपली की वर करून चालायचं, आणि घरातल्या एकानं काही भलतंसलतं केलं की सगळ्या घराचं मिळून कापून घ्यायचं. एवढ्या धबडग्यात श्वास घेणं हे त्याचं मूळ काम कुणाच्या ध्यानातही येत नाही. धाकटीच्याही आलं नव्हतं. ते आलं ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, डावी नाकपुडी श्वासासरशी आत ओढली जाऊन बंद पडायला लागली आणि उजवीतून शिट्टी वाजायला लागली तेव्हा.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. घरात थोरली आणि धाकटी अशा दोनच मुली, आई दोघी लहान असतानाच गेलेली, आणि बाबांनी त्या वेळी सुरू केलेली हाक ती चौतीस वर्षांची झाली तरी चालूच होती. थोरलीनं आईचं नाक उचललं: लहान, गोल, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. धाकटीच्या वाट्याला बाबांचं आलं. कपाळापासून निघाल्यावर मधे चांगला ठसठशीत उंचवटा, तिथून खाली उतार, आणि शेवटी टोक जरा आत वळलेलं. बाबांच्या रुंद चेहऱ्यावर ते शोभायचं. धाकटीचा चेहरा मात्र अरुंद. शाळेत तिला "चोच" म्हणायचे. "वळणावर आधी हिचं नाक येतं, मग दप्तर, मग ही," असं म्हणणारी मुलगी तिची जिवलग मैत्रीणच होती, त्यामुळे सगळ्यांबरोबर तिलाही हसावं लागायचं.

बाबांना स्वतःच्या नाकाचं कधी वाईट वाटलं नाही. माणूस नाकासमोर चालणारा. आयुष्यभर खुर्च्या बनवल्या, आधी दुसऱ्याच्या कारखान्यात आणि हात थकल्यावर घराच्या मागच्या पडवीत. "चष्मा लावायचा तर नाक लागतं, नुसते कान असून भागत नाही," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. धाकटीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा हा विनोद त्यांनी महिनाभर रोज केला.

चष्मा बसवणं हे नाजूक काम आहे. नंबर डॉक्टर काढतात, काचा कारखान्यातून घासून येतात, पण चष्मा तोंडावर बसतो तो बसवणाऱ्याच्या हातानं. दांड्या गरम हवेवर धरून कानामागे किती वाकवायच्या, नाकावर टेकणारी ती दोन इवलीशी पॅडं किती जवळ घ्यायची, हे धाकटीच्या बोटांना कळायचं. अर्ध्या शहराची नाकं तिच्या बोटांखालून गेली होती. बसकी, रुंद, टोकदार, पडून मोडलेली. लोकांच्या नाकांवर तिचा राग नव्हता, उलट माया होती. कुणी "माझं नाक फार वाईट आहे हो," म्हणालं की ती म्हणायची, "नाक वाईट नसतं, फ्रेम चुकीची असते." हे वाक्य तिचं ठरलेलं होतं आणि गिऱ्हाइकं ते ऐकून खूश होऊन जायची.

मग मालकांनी दुकानात तीन बाजूंचा आरसा आणला. गिऱ्हाइकाला दांड्या बाजूनं कशा दिसतात ते कळावं, हा त्यांचा हेतू. गिऱ्हाईक खुर्चीत, धाकटी त्याच्यावर वाकलेली, आणि दोन्ही कडेच्या आरशांत तिचं नाक. समोरून स्वतःकडे बघायची तिनं सवय करून घेतली होती. बाजूनं बघायची वेळ तिनं आजवर टाळली होती. आता ती दिवसाला तीस वेळा येऊ लागली. "नाक वाईट नसतं," हे म्हणताना तिची जीभ अडखळायला लागली. आठ महिने तिनं तो आरसा सोसला.

शेवटी ती गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं माणूस चुकूनही भेटणार नाही अशा एका ठिकाणी, जिथं पांढरे सोफे होते आणि सगळे हळू बोलत होते. तिथल्या डॉक्टरांनी संगणकावर तिचा चेहरा घेऊन त्यावर एकामागून एक नाकं लावून दाखवली. चौथ्या नाकावर ती म्हणाली, "हे." ते सगळ्यांत लहान होतं. पुढं तिला या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटायची. फ्रेम निवडायला गिऱ्हाइकाला अर्धा अर्धा तास देणारी बाई, आणि स्वतःचं नाक तिनं पाच मिनिटांत उरकलं होतं.

घरी काय सांगायचं, हे आधीच ठरलं होतं. नाकाचं हाड वाढलंय. हे दुखणं असं आहे की त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. प्रत्येकाच्या नात्यात एकाचं तरी वाढलेलं असतं, एकानं तरी काढून घेतलेलं असतं आणि एकजण तरी भीतीनं टाळत असतो. मालकांनी लगेच सुट्टी दिली. शेजारणीनं आपल्या दिराच्या हाडाची सगळी हकिकत सांगितली. थाप इतकी सहज पचली की धाकटीला क्षणभर आपलं हाड खरंच वाढल्यासारखं वाटलं.

अडचण एकच झाली. बाबांनी ती थाप मनाला लावून घेतली. तोंडावर पट्ट्या बांधून ती घरी आली तेव्हा ते पाच दिवस तिच्या उशाशी बसून होते. दूध गार करून द्यायचे, नळी तोंडाशी धरायचे, रक्ताचे बोळे स्वतः उचलायचे. तिसऱ्या दिवशी खाली बघत म्हणाले, "माझ्यामुळं तुला हे भोगावं लागतंय. माझंच नाक घेतलंस ना. त्यातलंच ते हाड." धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना वाटलं, दुखतंय. त्यांनी गोळी काढून दिली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला त्या वेळी वाटलं, पण ती गोळी तिनं मुकाट्यानं घेतली.

पट्ट्या निघाल्यावर नाक बदललेलं कुणालाही दिसलं असतं. त्याचं कारणही बाबांनीच शोधून काढलं आणि आल्यागेल्याला सांगून टाकलं. "आतलं हाड म्हणजे टेकू. टेकू काढला की वरचं खाली बसणारच." खुर्च्यांतला माणूस, त्यामुळं कुणी वाद घातला नाही. फक्त थोरली भेटायला आली, तिनं दारातूनच धाकटीकडे नीट बघितलं, आणि बाबा पाणी आणायला आत गेल्यावर म्हणाली, "हाड बरंच देखणं होतं म्हणायचं." जिभेला हाड नसलेली बाई, पण बाबांसमोर तिनं तोंड उघडलं नाही.

चार महिने बरे गेले. आरशातलं नाक लहान होतं, सरळ होतं, आणि धाकटी त्याच्याकडे चोरून बघून घ्यायची. मग ते मधे खचायला लागलं. चष्मा टिकेना. ज्या बाईनं हजारो लोकांचे चष्मे बसवले, तिचा स्वतःचा चष्मा बोलता बोलता शेंड्यावर येऊन लटकायचा आणि ती तो बोटानं वर ढकलायची. आणि मग ती शिट्टी. चष्मा बसवताना गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं, "हलू नका हं," म्हणावं लागतं, आणि दोघंही गप्प होतात. नेमकी त्या शांततेत ती वाजायची. बारीक, लांब, श्वास आत घेताना. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "किटली ठेवलीय का कुठं?" एक शाळकरी मुलगी फिस्सकन हसली आणि तिच्या आईनं तिला दटावलं. दटावणं हसण्यापेक्षा जास्त लागलं. धाकटीनं श्वास रोखून चष्मे बसवायची सवय लावून घेतली. एक दांडी, बाजूला होऊन एक श्वास, दुसरी दांडी.

त्यात मालक. कुणी गिऱ्हाईक सर्दाळलेलं बोललं की ते गल्ल्यावरून ओरडायचे, "हाड वाढलं असेल तुमचं. आमच्या ताईंना विचारा. त्यांनी काढून टाकलं. आता कशा मोकळ्या झाल्यात बघा." गिऱ्हाईक आशेनं धाकटीकडे बघायचं आणि धाकटी तोंडानं श्वास घेत मान डोलवायची. तिच्या त्या मान डोलवण्यावरून निदान दोघांनी तरी आपली नाकं डॉक्टरांना दाखवली होती. त्यांची हाडं खरंच वाढलेली निघाली आणि ते येऊन तिचे आभार मानून गेले. खोट्याचं असं भलं झालेलं बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वर्षं असं चालल्यावर ती दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेली. या बाई होत्या, पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक, आणि त्यांच्याकडे पांढरे सोफे नव्हते. त्यांनी दिवा लावून आत बघितलं, गाल बाजूला ओढून श्वास घ्यायला लावला आणि सांगितलं, "गरजेपेक्षा फार जास्त काढलंय. मधला आधार गेलाय, म्हणून भिंत आत पडते. आपोआप हे बरं होणार नाही."

"जिवाला धोका आहे?"

"नाही. असंच ठेवलंत तरी जगाल. नीट श्वास हवा असेल तर परत ऑपरेशन करावं लागेल. कानातली कूर्चा काढून, म्हणजे तिथलं मऊ हाड घेऊन, इथं आधार उभा करायचा. दुसऱ्यांदा केलेलं काम पहिल्यापेक्षा अवघड असतं, हेही सांगून ठेवते. तुम्ही विचार करून ठरवा. आणि ठरलंच तर पहिल्या नाकाचा बाजूनं काढलेला फोटो आणा. आधी किती उंच होतं ते कळलं, तर कातडी किती ताण घेईल याचा मला अंदाज येतो."

फोटो. पांढऱ्या सोफ्यांच्या ठिकाणी तिनं चौकशी केली, तर तिथली मुलगी म्हणाली, आमची सिस्टीम बदलली, जुनं सगळं गेलं. घरी अल्बम होते, पण धाकटीनं आयुष्यभर फोटोत समोर बघायचा नेम पाळलेला. बाजूनं निघालेला एकच फोटो तिला आठवत होता, थोरलीच्या लग्नातला, बहिणीला निरोप देताना. तो तिनं कपाटातून काढला. त्यात थोरली रडत होती, बाबा बघत होते, आणि बाबांच्या शेजारी एक अंडाकृती भोक होतं. एकोणीस वर्षांची असताना कात्रीनं तिनं स्वतःच पाडलेलं. इतकी वर्षं बाबा तो अल्बम उघडत होते आणि त्या भोकाबद्दल त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिनं अल्बम मिटला आणि होता तिथं ठेवून दिला.

तिनं थोरलीला फोन केला.

"करून घे की," थोरली म्हणाली. "श्वास येत नाही, आणि विचार कसला करतेस?"

"बाबांना काय सांगू?"

"खरं सांग."

"ताई, काय खरं सांगू? तुमच्यासारखं दिसायची मला लाज वाटत होती, असं? पाच दिवस माझ्या उशाशी बसले होते ते. माझ्यामुळं झालं म्हणून."

थोरली म्हणाली, "मग तोंडानं श्वास घेत बस जन्मभर." आणि तिनं फोन ठेवला. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या की ती असाच फोन ठेवायची.

धाकटीनं ठरवलं, बसायचं. परत ऑपरेशन म्हणजे परत पट्ट्या, परत पंधरा दिवस घरी, परत बाबा उशाशी, आणि या वेळी कानावरही टाका. नाकाचं हाड काढायला कान कशाला कापला, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. एकदा खोटं बोलली होती, ते निभावलं होतं. पुन्हा तेच त्याच माणसाच्या तोंडावर बोलायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं. आणि खरं बोलणं तर त्याहून होणार नव्हतं. तेव्हा श्वास गेला तर गेला. एक नाकपुडी आहे की.

पण हा निर्णय तिच्या एकटीचा राहिला नाही. एका सुट्टीच्या दुपारी ती आडवी झाली होती, तोंड उघडं टाकून, आणि बाबा पडवीतून हत्यार पुसत आत आले ते तिच्याकडे बघत उभे राहिले. ती जागी झाली तर ते समोर खुर्ची ओढून बसलेले.

"परत वाढलंय," ते म्हणाले.

"काय?"

"हाड. तुला श्वास येत नाहीये. मी मघापासून ऐकतोय. असलं कसलं ऑपरेशन केलं त्या लोकांनी? दोन वर्षांत परत? मला पत्ता दे त्यांचा. मी जातो उद्या आणि विचारतो."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा एकदा जातो म्हणाले की जायचे. त्या पांढऱ्या सोफ्यांवर बाबा बसलेत, भिंतीवर सुंदर बायकांचे फोटो आहेत, आणि बाबा त्या हळू बोलणाऱ्या मुलीला हाडाचा जाब विचारतायत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. "नको," ती घाईनं म्हणाली. "मी दुसऱ्या डॉक्टर बघितल्यात. चांगल्या आहेत. त्यांच्याकडेच जाऊ."

"चल. मीही येतो."

जायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत तिनं तीनदा सुरुवात केली. एकदा चहाच्या वेळी ती म्हणाली, "बाबा, ते हाड म्हणजे..." आणि बाबा म्हणाले, "काळजी करू नकोस, परत काढतील." एकदा पडवीत गेली, तर ते एका खुर्चीच्या पाठीला पॉलिश करत होते आणि गुणगुणत होते, ती तशीच मागं फिरली. तिसऱ्यांदा ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि तिच्या तोंडातून शब्दच निघाला नाही. बाबांनी तिला पाणी दिलं.

दवाखान्यात बाबा धुतलेला शर्ट घालून, नीट भांग पाडून आले होते. धाकटीनं त्यांना बाहेर बसवलं आणि आधी एकटीच आत गेली.

"माझे वडील आलेत," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पहिलं ऑपरेशन नाकाचं हाड वाढलं म्हणून झालं, असं त्यांना माहीत आहे. तुम्हीही... हाडच म्हणाल का?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "मी खोटं बोलणार नाही. पण तुमचं मी होऊन काही उकरूनही काढणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

धाकटीचे कान तापले. चौतीस वर्षांची बाई, दुकानात दिवसाला तीस गिऱ्हाइकं सांभाळणारी, आणि थापेत सामील व्हा म्हणून परक्या माणसाच्या विनवण्या करत होती. तिनं मान हलवली आणि दार उघडून बाबांना आत बोलावलं.

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. बसण्याआधी खुर्चीच्या सांध्यावर त्यांनी सवयीनं हात फिरवला. "परत वाढलंय का हो डॉक्टर?"

"आतला आधार कमी पडलाय," बाई म्हणाल्या. "तो परत उभा करावा लागेल."

"टेकू," बाबा समाधानानं म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

बाई धाकटीकडे वळल्या. "जुना फोटो मिळाला?"

"नाही."

"फोटो कशाला?" बाबांनी विचारलं, आणि बाईंनी त्यांना सांगितलं, आधीचं नाक कसं होतं ते कळलं तर बरं पडतं म्हणून. बाबा हसले. "मग त्याला फोटो कशाला पाहिजे? खुर्चीचा एक हात तुटला की आम्ही दुसऱ्या हातावरून माप घ्यायचो. हिचं नाक माझंच होतं. अगदी हुबेहूब. घ्या की माप."

"बाबा, नको," धाकटी म्हणाली.

"अगं, मला काय त्रास होणार आहे?" ते उठून स्वतःच फोटोसाठी लावलेल्या निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसले. चष्मा काढून खिशात ठेवला. बाईंनी सांगितलं तशी हनुवटी वर केली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. प्रत्येक वेळी हलायचं नाही म्हणून डोळेही मिटू दिले नाहीत. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. जे नाक आपल्या तोंडावर नको म्हणून तिनं कापून टाकलं होतं, ते तिच्यासाठी, तिला बरं वाटावं म्हणून, स्टुलावर ताठ बसून फोटो काढून घेत होतं. तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग बाईंनी तिचेही फोटो काढले आणि दोघांचे चेहरे संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

बाबांनी चष्मा चढवला आणि हात पाठीमागं बांधून ते पडद्यापाशी वाकले. नवीन माल तपासायला ते असेच उभे राहायचे. बराच वेळ ते बघत राहिले. मग एक बोट काचेला न लावता त्यांनी आधी स्वतःच्या नाकावरून फिरवलं, वरून खाली, आणि मग तिच्या.

"हे वरून तासलंय," ते म्हणाले.

बाईंनी टेबलावरचा एक कागद पुढं ओढला.

"टेकू काढला म्हणून जे खचतं ना, ते असं नसतं," ते बाईंना समजावून सांगू लागले. "खचलंय ते इथं, मधे, ते मागाहून. पण इथनं वरची धार बघा. सरळ आहे. ही हत्यारानंच येते. कुणीतरी वरून तासून काढलंय सगळं." ते गोंधळून थांबले. "डॉक्टर, त्या लोकांनी चुकून तासलं की काय? हाडाच्या ऐवजी?"

एवढी मोठी पळवाट धाकटीला आजवर कुणी दिली नव्हती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. चूक त्या पांढऱ्या सोफेवाल्यांची, बाबा चार शिव्या घालतील, ऑपरेशन होईल, विषय संपेल. बाई टेबलावरच्या कागदाकडे बघत होत्या. "हो" अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाबा तिच्याकडे वळले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिच्याबद्दलची काळजी सोडून दुसरं काही नव्हतं. त्या चेहऱ्यावर तिला ते बोलता आलं नाही.

"चुकून नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तासायला."

"आणि हाड?"

"हाड वाढलंच नव्हतं बाबा. कधीच."

"बरं," बाबा म्हणाले.

ते परत खुर्चीत येऊन बसले. पाठ टेकून न बसता पुन्हा कडेवरच. त्यांनी आपले दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ते ओरडतील, उठून निघून जातील, निदान "का?" तरी विचारतील, म्हणून धाकटी वाट बघत होती. "का" विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तरं होती, आरसा, शाळा, चोच. त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते विचारायची गरजच नव्हती, हे तिला उशिरा कळलं. पडद्यावर दोन्ही नाकं शेजारी शेजारीच होती.

बाईंनी घसा साफ केला. "ऑपरेशन करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. करायचं असेल तर मला उंची किती धरायची ते सांगा. वडिलांएवढी करता येईल. कमीही करता येईल."

धाकटीच्या आधी बाबांनीच मान वर केली.

"दोन्ही बाजूंनी श्वास येईल ना?"

"येईल. तशी माझी खात्री आहे."

"मग करा," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, गिऱ्हाइकाची ऑर्डर सांगावी तसा. "फक्त माझ्याएवढं करू नका. जरा कमी ठेवा. तिला ते नको होतं."

आता बोलायला हवं होतं. "नाही बाबा, तुमच्याएवढंच हवंय," हे वाक्य तिथं होतं, तयार, आणि त्या क्षणी त्यांना त्याहून बरं वाटेल असं दुसरं काहीच नव्हतं. धाकटीनं तोंड उघडलं. शरमेनं तिला वर बघवत नव्हतं, बाबांच्या पायांवर डोकं ठेवावं असं तिला मनापासून वाटत होतं. पण नाक तिला अजूनही तेवढं नको होतं. ते खोटं होतं, आणि हाडाचं ऐकून घेतलेल्या माणसाला तिला आणखी एक खोटं ऐकवायचं नव्हतं.

"हो," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "जरा कमी."